पाच भांड्यांची रांग

मल्लिनाथकाकांनी काळा कोट अंगात चढवला, तेव्हाच शिवम्माकाकूंनी त्यांना मनातल्या मनात डायरेक्टर करून टाकलं. कोटाची बटणं लावायची राहिली होती, पण काकूंचा फोन गेवराईला माहेरी जाऊन आला होता. "होय गं वैनी, आजच. न्हाई न्हाई, पेढे तुमीच आणा, आमच्याकडं गर्दी लई राहील," असं त्या इतक्या मोठ्यानं बोलल्या की फोन नसता तरी चाललं असतं.

आज जय तपेश्वर नियोजित सहकारी साखर कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा होती. यातला 'नियोजित' हा शब्द काकांची पुतणी निलू हिच्या जन्माच्या आधीपासून होता. कारखान्याला चेअरमन होते, संचालक होते, जीप होती. माळावर गेटसुद्धा होतं. नुसतं गेट, आणि त्याच्या मागं पुन्हा माळच. निलूचे आजोबा आप्पा, म्हणजे एके काळी परळीच्या जत्रेत तिकीट लावून जादूचे खेळ करणारे प्रोफेसर शिवलिंगप्पा, त्या गेटासमोरून जाताना कायम पागोट्याला हात लावत. "रिकाम्या पेटीतून मी कबुतर काढलं," ते म्हणायचे, "पण रिकाम्या माळावर दर साली कारखाना काढायचा, हे आपल्याला झेपलं न्हाई बाबा. उस्ताद हायत ते."

आप्पांच्या पश्चात नव्हे, आप्पांच्या डोळ्यांदेखतच वाटण्या झाल्या होत्या. किराणा दुकान निलूच्या वडिलांकडे गेलं आणि जादूची पेटी मल्लिनाथकाकांकडे. निलूच्या वाट्यालाही पेटीच आली होती, फक्त आतून. सहा वर्षांची असल्यापासून ती त्या पेटीत शिरून गायब व्हायची. पण यंदा ती नववीत गेली, ताडमाड वाढली, आणि पेटीचं झाकण काही केल्या लागेना. काकांना मनापासून वाटे की ती मुद्दाम वाढली.

"निले, इकडं बघ," काका म्हणाले. "आज पेटी न्हाई. आज अक्षय कलश. आपले चेअरमन सुंदरराव सायेब एकेक योजना जाहीर करतील, की मी कलश उपडा करायचा, की पाणी! दुसरी योजना, पुन्हा पाणी! तू फक्त टॉवेल धरायचा आन् हसायचं."

"कावून? मी माझा सोताचा खेळ बसवलाय."

"खेळ बसवलाय म्हणं! खेळ बसवायला आप्पांची हयात गेली."

"गेली न्हाई, चालू हाय अजून," ओसरीवर सुपारी कातरत बसलेले आप्पा म्हणाले.

निलूचे वडील चप्पल शोधू लागले. घरात आवाज चढला की त्यांना दुकानात गिऱ्हाईक दिसायचं. सगळी बाजारपेठ सभेला निघालेली असतानाही ते दिसलं, आणि ते गेले.

काकू लगेच काकांच्या बाजूनं उभ्या राहिल्या. "आज कसला तुझा खेळ गं? आज ह्यांचं भाग्य उघडायचं हाय. सायबांनी तोंडानं शब्द दिलाय, सभेत खेळ रंगला की डायरेक्टर म्हणून घेतो. आन् तू मधीच आडवी पडायलीस."

निलूनं आईकडे बघितलं. शांतादेवी भाकरी थापत होती. ती परातीतल्या पिठाला सांगावं तसं म्हणाली, "भावजींच्या मनासारखं होऊ दे. पोरीच्या जातीनं भर सभेत कशाला?"

तीन विरुद्ध एक. आप्पा कुणाच्याच बाजूनं नव्हते; ते सुपारीच्या बाजूनं होते.

खरं तर आप्पांनीच तिला या नादाला लावलं होतं. पेटीत मावेनाशी झाली तशी निलूनं मोबाइलवर बघून बघून पत्त्यांचे खेळ शिकले. राणी गायब, राजा हजर! आप्पांनी जांभई दिली. "गावात पत्ते कोणाकडं असतात? पाराच्या मागं बसणाऱ्यांकडं. राजा गायब करायचं त्यांना तुझ्यापेक्षा भारी जमतं." मग तिनं रुमालाचे खेळ केले. "झ्याक. कोणाचा हाय?" "म्हंजे?" "म्हंजे ज्याचा हाय त्याला परत करून ये." निलू रडकुंडीला आली. मग आप्पांनी अडकित्ता खाली ठेवला आणि विचारलं, "तुला राग कशाचा येतो गं?"

हा काय प्रश्न झाला! पण निलूला उत्तर शोधावं लागलं नाही. तिला टँकरच्या रांगेचा राग यायचा. गावात टँकर यायचा तेव्हा माणसं रांगेत नसायचीच, भांडी असायची. उजाडायच्या आत आपली घागर, डबा, कळशी ठेवून यायचं आणि घरी कामाला लागायचं. भांडं म्हणजेच माणूस. कुणी कुणाचं भांडं हलवायचं नाही, हा कायदा; जावाजावा बोलत नसतील तरी त्यांच्या घागरी एकमेकींना चिकटून गुण्यागोविंदानं उभ्या. आणि एवढा कडक कायदा असूनही टँकर आला की चेअरमनसाहेबांची निळी पिंपं सगळ्यांच्या पुढं! ती कुणी ठेवली, कधी ठेवली, कुणालाच दिसायचं नाही.

"मग?" आप्पा म्हणाले. "ती काय कमी जादू हाय? तीच कर."

तेव्हापासून निलू माडीवर पाच भांडी आणि आप्पांचं जुनं धोतर घेऊन कोंडून घ्यायची. पहिल्यांदा धोतरच भांड्यात अडकलं. मग कळशी गडगडत जिन्यावरून खाली आली आणि काकूंच्या पायाशी थांबली. मग जमू लागलं, पण बघताना मजा येईना. मग तिनं बोलणं बदललं, भांड्यांना नावं दिली, आणि एकदा आप्पा माडीच्या दारात उभे राहून बघता बघता खुदकन हसले. त्या हसण्याची निलूला इतकी चटक लागली होती की आज ती हातात टॉवेल धरून हसायला बिलकुल तयार नव्हती.

"बरं भावजी," आई भाकरी उलटत म्हणाली, "त्या कलशात घालायला पाणी कोणतं घेणार?"

काकांचा हात बटणावर थांबला.

"घरातलंच की. कळशीभर लागंल. दोन कळशा."

"आडात न्हाई तर पोहऱ्यात कुठून यायचं?" आई म्हणाली.

काकूंनी कोपऱ्यातल्या झाकलेल्या रांजणाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "ह्या रांजणातलं? आठ दिस झाले मी धुणं धुतलं न्हाई, उद्या वैनी येणार त्यांच्या तोंडावर काय मारू? आन् तुमी दोन कळशा स्टेजवर सांडणार? योजनांवर?"

"अगं, सांडल्याशिवाय अक्षय कसा दिसंल?"

"मग अक्षय हाय तर घरूनच कावून पाणी नेता?"

"सायबांनी सभेला टँकर मागवलाय, त्यातलं घेऊ!"

"तो ठराव झाल्याबिगर उघडायचा न्हाई म्हणून सायबांनीच सांगितलंय," निलूनं तोंड घातलं. ते खरंच होतं. पाण्याशिवाय सभासद येत नाहीत आणि पाणी दिलं की थांबत नाहीत. म्हणून मांडवामागं टँकर उभा करायचा, तोटीला कुलूप घालायचं आणि शेवटचा ठराव मंजूर झाला की किल्ली द्यायची. सहकाराचं इतकं सोपं सूत्र शाळेच्या पुस्तकातही नव्हतं.

काकू सरळ उठल्या आणि रांजणाला पाठ लावून बसल्या. "डायरेक्टर व्हा न्हाईतर आमदार व्हा. ह्याला हात लावायचा न्हाई."

पुन्हा तीन विरुद्ध एक झालं, फक्त आता एकटे काका होते. काका कोट घालून, कलश घेऊन, बिनपाण्याचे ओसरीच्या मधोमध उभे राहिले.

"बघा तरी पोरीचं," आप्पा पहिल्यांदाच म्हणाले. "तिच्या खेळाला पाणी लागत न्हाई."

निलूनं फळी मांडली. घागर, कळशी, माठ, डबा, आणि शेवटी पाण्याची रिकामी बाटली. "ही बाटली म्हंजे सुंदरराव सायेब. काका, तुमी पाहिजे तसा नंबर लावा." काकांनी बाटली मुद्दाम शेवटच्या टोकाला ठेवली. धोतर पडलं, धोतर निघालं, बाटली सगळ्यांत पुढं. काकांनी भुवई उडवली. बाटली पुन्हा लावली, मधोमध. पुन्हा पुढं.

काकांचा चेहरा उजळला. "अरे वा गं वाघिणी! म्हंजे काहीबी करा, सायबांचा नंबर पहिला! हे तर कलशाच्या वरताण झालं. सायेब जाम खूष होतील!"

"बघा, मी म्हणतच होते," काकू रांजणापासून न हलता म्हणाल्या, "आपली निलू हुशार हाय."

फक्त आईनं थापायची भाकरी परातीतच ठेवली. काका फळी उचलून बाहेर गेले तसं तिनं पिठाच्या हातानं निलूचं मनगट धरलं. "शेवट काय हाय ह्याचा?"

"दोन हायत," निलू म्हणाली. "एक काकांनी बघितला."

"दुसरा?"

निलू धोतराची घडी घालू लागली.

"दुसरा घरी ठेवून जा. त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी खुर्ची द्यायला लागलंय."

हे निलूला नीट लागलं. काका ओरडत, चिडत, पण पेटीत ती घाबरली की बाहेरून तीनदा टकटक करायचे, मी इथंच हाय म्हणून. त्यांना ती खुर्ची किती हवी होती, ते तिला ठाऊक होतं. आणि नुसत्या पहिल्या शेवटासाठी गेले कित्येक महिने ती माडीवर कोंडून घेत नव्हती, हेही.

*

माळावरचा मांडव गच्च भरला होता. मागं टँकर, टँकरपासून गेटापर्यंत भांड्यांची लांबलचक रांग, आणि रांगेच्या अगदी पुढं, कुणी न ठेवता, निळी पिंपं. बाया आपापलं भांडं लावून मांडवात बसल्या होत्या. सगळ्यांत मागं गोडेतेलाचा पोचे पडलेला डबा होता, बायनाबाईचा. ही म्हातारी ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून गुडघे धरत चालत यायची, तोवर रांग गेटापर्यंत गेलेली असायची. तिच्या डब्यापर्यंत येता येता टँकर खोकू लागायचा.

सुंदरराव चेअरमन बोलत होते. "यंदा पाऊस न्हाई म्हणून कारखाना थांबलाय, असं विरोधक म्हणतात! मी इचारतो, पाऊस होता तेव्हा तरी थांबला न्हवता का?" संचालकांनी टाळ्या वाजवल्या. मग चेअरमन आपल्यावरच चकित झाल्यासारखे थांबले आणि म्हणाले, "आता ठरावाच्या आधी प्रोफेसर मल्लिनाथ यांचा जादूचा प्रयोग!"

काका माइकवर गेले. "आज माझी पुतणी, कुमारी नीलांबिका, खेळ करंल. सायबांच्या चरणी सादर." हे सांगून त्यांनी निलूकडे असं बघितलं, जणू तेच पेटीत शिरायला निघाले होते.

निलूनं फळी मांडली आणि हाळी दिली. "मला चार भांडी द्या! आपल्या रांगेतली!" बाया हसल्या. भांडं रांगेतून काढायचं? "नंबर जाणार न्हाई, माझी जबाबदारी. जागेवर दगड ठेवा!" हे पटलं. दगडाला कुणी हलवत नाही. एक घागर आली, एक माठ आला, पितळेची कळशी आली. "आन् बायनाआज्जी, तुमचा डबा!"

"माझा कशाला गं बाई, त्याला तर भोक हाय," असं म्हणत बायनाबाईनं डबा दिला.

पाचवी वस्तू निलूनं थेट स्टेजवरच्या टेबलावरून उचलली. साहेबांची पाण्याची सीलबंद बाटली. "ही सायबांची. आता सांगा, हिचा नंबर कुठं लावू?"

"मागं! शेवटाला!" मांडवातून आवाज आले. लावली शेवटाला. धोतर पडलं, धोतर निघालं. बाटली पहिली.

मांडव फुटला. "पुन्हा लावा!" कुणीतरी बाई उठून आली, तिनं स्वतःच्या हातानं बाटली मधे दाबली. धोतर. बाटली पहिली. मागच्या रांगेतला एक गडी ओरडला, "ह्यात कसली जादू बे? हे तर आमी रोज बघतो!" बाया पदरात तोंड घालून हसू लागल्या, पुरुष मांड्यांवर थापा मारू लागले.

आणि चेअरमन? चेअरमन तर खुर्चीत मावेनात. एवढं प्रेम! एवढा हशा त्यांच्या भाषणाला कधी आला नव्हता. ते उठून माइकवर आले. "बघा! काहीबी करा, सुंदरराव पुढंच! हा जनतेचा कौल हाय!" मग काकांच्या पाठीवर थाप. "मल्लिनाथ, तू आजपास्नं आमचा डायरेक्टर समज!"

मांडवाच्या कडेला काकूंनी दोन्ही हात जोडले. काकांचे डोळे भरून आले.

झालं होतं. इथं थांबलं असतं तर सगळ्यांचं सगळं झालं असतं. निलूनं धोतराची घडी घातलीसुद्धा.

"पोरी, अजून एकदा!" चेअरमन म्हणाले. "थांब, आता मीच लावतो." त्यांनी आपल्या हातानं बाटली पहिल्या नंबरावर ठेवली, मागं कळशी, घागर, माठ, आणि अगदी शेवटाला बायनाबाईचा डबा सरकवला, सरकवला तोही बोटाच्या टोकानं, जणू त्याला काही लागलं होतं. "आता कुठं जातीय बघू!"

निलूनं आईकडे बघितलं. आई चेअरमनच्या त्या बोटाकडे बघत होती. मग तिनं निलूकडे बघितलं, आणि मान हलवली नाही, डोळे मिटले नाहीत, काहीच केलं नाही. नको म्हणायचं असतं तर आई एवढी गप्प राहिली नसती.

निलूनं घडी मोडली. धोतर भांड्यांवर पसरलं, माइक तोंडाशी ओढला आणि चेअरमनच्याच सुरात विचारलं, "ह्या धोतराखाली आता जो क्रम लागंल, तो सभेला मंजूर हाय का?"

वर्षानुवर्षांची सवय. प्रश्न संपायच्या आत मांडवातले सगळे हात वर. "मंजूर!" संचालकांचेही हात वर. सगळ्यांत उंच हात चेअरमनचा. "मंजूर, मंजूर!"

धोतर निघालं.

सगळ्यांत पुढं बायनाबाईचा डबा होता. बाटली शेवटाला.

मांडवातले वर गेलेले हात वरच राहिले. मग बायनाबाई गुडघे धरून उठली. हळूहळू स्टेजपाशी आली, आपला डबा उचलला. सगळ्यांना वाटलं जागेवर जाऊन बसेल. ती मांडवाबाहेर गेली. टँकरपाशी गेली, निळ्या पिंपांच्या पुढं डबा ठेवला आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.

"अगं ए म्हातारे!" चेअरमन माइकवरून ओरडले. "जादू होती ती!"

बायनाबाईनं कानामागं हात धरला. "हात तर समद्यांनी वर केला की. जादूला हात वर करत्यात का?"

"अगं, तो खरा ठराव न्हवता!"

"असं?" म्हातारीनं माळावरच्या गेटाकडे मान वळवली. "मग खरा कोणता असतो, सायेब?"

पहिली कोण उठली ते कळलं नाही. पण भांडं म्हणजे माणूस, आणि मंजूर झालेला नंबर म्हणजे नंबर. त्यात खोट काढायची तर सभेतच खोट काढावी लागली असती. बाया उठून आपापल्या भांड्यांपाशी गेल्या. दोघींनी पिंपं उचलून रांगेच्या टोकाला, गेटापाशी नेऊन ठेवली. आपटली नाहीत, नीट ओळीत लावली, भांडं ते भांडं. टँकरवाल्यानं विचारलं, "ठराव झाला का?" पन्नास बाया म्हणाल्या, "झाला!"

रिकाम्या मांडवात चेअरमन घसा खाकरून संचालकांना म्हणाले, "महिलांना पाण्यात प्राधान्य, ही कल्पना मूळ आमचीच. लिहून घ्या. मंजूर?" संचालक म्हणाले, मंजूर. मग ते काकांकडे न बघता म्हणाले, "मल्लिनाथ, तुझं पुढच्या साली बघू."

काकू आधीच मांडवाबाहेर पडल्या होत्या, फोन कानाला. "वैनी, उद्या येऊ नका. न्हाई, पाणी आलंय, पण धुणं लई साठलंय."

स्टेजमागं निलू धोतर छातीशी धरून उभी होती. काका आले. कोट काढून खांद्यावर टाकलेला, चेहरा लाल. निलूनं मनातल्या मनात कानाखाली एक मोजून घेतली.

"डायरेक्टरकी गेली माझी," काका म्हणाले.

"हो काका."

"तुला म्हाईत होतं."

"हो काका."

काकांनी तिच्या हातातल्या धोतराकडे बघितलं. मागून तोटीचं पाणी डब्यात पडल्याचा आवाज आला आणि बायका खिदळल्या.

"मी दीड हातावर उभा होतो," काका शेवटी म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "डोळं हलवलं न्हाई मी. बाटली पहिली करायची ते कळलं मला सकाळीच. पण शेवटाला? सायबानं सोताच्या हातानं लावल्यावर? ती मागं कशी गेली, निलू?"

सांगायला तिची जीभ इतकी वळवळली, की काय सांगावं. माडीवरचे ते सगळे दिवस, अडकलेलं धोतर, गडगडलेली कळशी, अचानक सुचलेली ती एक गोष्ट, सगळं भडाभडा ओतावंसं वाटलं. कधी कुणी विचारलं नव्हतं. काकांनी तर आयुष्यात कुणालाच विचारलं नव्हतं.

"न्हाई सांगणार," ती म्हणाली.

मांडवाच्या खांबाला टेकलेले आप्पा आवाज न करता हसत होते, इतके की पागोटं हलत होतं.

काकांनी आप्पांकडे बघितलं, निलूकडे बघितलं, कोट खाली मातीत टाकला आणि धोतराची दोन टोकं आपल्या हातात घेतली.

"ताणून धर," ते म्हणाले. "असं चुरगळून ठेवलंस तर सुरकुतीतून खालचं दिसतंय. एवढं कळंना व्हय गं तुला?"